हेंडरसन यांची रेघ आणि चौकट

१९६३ साली बोस्टन सेफ डिपॉझिट अँड ट्रस्ट कंपनी या बँकेने ब्रूस हेंडरसन नावाच्या अठ्ठेचाळीस वर्षांच्या गृहस्थांना एक खोली आणि एक टेबल दिलं. खोलीत टेलिफोन नव्हता, हाताखाली सेक्रेटरी नव्हती. उद्योगांना व्यवस्थापनाचा सल्ला देणारा विभाग त्यांनी बँकेसाठी उभा करावा, एवढंच ठरलं होतं. पहिल्या महिन्याचं बिल झालं ५०० डॉलर. त्याच वर्षी डिसेंबरात आर्थर कॉन्टास हे दुसरे सल्लागार रुजू झाले. पुढे बोस्टन कन्सल्टिंग ग्रुप, म्हणजे बीसीजी, या नावाने जगभर पसरलेल्या कंपनीची सुरुवात ही अशी होती.

व्यवस्थापन शिकलेल्या प्रत्येकाला हे नाव ठाऊक असतं ते एका चौकटीमुळे. चार घरं असतात आणि त्यांत तारा, दुभती गाय, प्रश्नचिन्ह आणि कुत्रा. पुण्या-मुंबईच्या कॉलेजांत परीक्षेच्या आदल्या रात्री ही चौकट पाठ केलेली मंडळी हजारोंनी सापडतील. मात्र चौकट १९७० ची. तिच्या चार वर्षं आधी हेंडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक घसरती रेघ काढली होती, आणि चौकटीतला सगळा अर्थ त्या रेघेवर उभा आहे. जगाने चौकट उचलली आणि रेघ बोस्टनमध्येच ठेवली. पुढे जे गोंधळ झाले त्यांतल्या बऱ्याच गोंधळांचं मूळ मला तिथे दिसतं, म्हणून ही हकीकत पहिल्यापासून सांगायला हवी.

हेंडरसन यांचा जन्म ३० एप्रिल १९१५ चा, अमेरिकेच्या टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलजवळच्या एका शेतावरचा. वडिलांची प्रकाशन संस्था होती. तरुणपणी ब्रूस तिच्यासाठी बायबलच्या प्रती विकत असत. व्हँडरबिल्ट विद्यापीठातून १९३७ साली ते मेकॅनिकल इंजिनिअर झाले, मग हार्वर्ड बिझनेस स्कूलला गेले आणि पदवीला नव्वद दिवस उरले असताना शिक्षण सोडून वेस्टिंगहाऊस या विजेची यंत्रसामग्री बनवणाऱ्या कंपनीत दाखल झाले. तिथे अठरा वर्षं काढली. कंपनीच्या इतिहासातल्या सर्वांत तरुण उपाध्यक्षांत त्यांची गणना होते. १९५९ मध्ये ते आर्थर डी. लिटल या सल्लागार संस्थेत गेले आणि तिथून चार वर्षांनी त्या एका टेबलापाशी.

वेस्टिंगहाऊसमध्ये त्यांनी खरेदी खातं सांभाळलं होतं, हे इथे महत्त्वाचं आहे. खरेदी खात्यात बसलेल्या माणसाला एक गोष्ट रोज दिसते. तोच सुटा भाग, तेच ड्रॉइंग, तोच कच्चा माल, तरी दोन पुरवठादारांच्या दरांत जमीन-अस्मानाचा फरक. हिशेबनीस याला कार्यक्षमता म्हणून सोडून देतो. हेंडरसन यांना ते उत्तर पुरेसं वाटलं नाही. एकाच धंद्यातल्या दोन सारख्या कंपन्यांचा खर्च वेगवेगळा का असतो, हा प्रश्न घेऊनच ते सल्ल्याच्या धंद्यात आले.

त्या काळी हा धंदा मॅकिन्झी, बूझ अ‍ॅलन अशा जुन्या संस्थांच्या हातात होता. कंपनीची रचना कशी असावी, कोणी कोणाला जबाबदार असावं, पगार कसे ठरवावेत, अशी कामं त्या करत. नवख्या बीसीजीने कशात हात घालायचा यावर एक बैठक झाली. सहकाऱ्यांनी नाना क्षेत्रं सुचवली. हेंडरसन यांनी सुचवलं, व्यवसायाची व्यूहरचना. हे फारच मोघम आहे, कंपनीच्या अधिकाऱ्यांना आपण काय बोलतोय ते कळणारही नाही, असा आक्षेप आला. त्यावर हेंडरसन यांचं म्हणणं असं की हेच तर त्यातलं सौंदर्य आहे, अर्थ आपण ठरवू. ही गोष्ट बीसीजीत अजून सांगितली जाते.

स्ट्रॅटेजी हा शब्द तेव्हा उद्योगात पूर्ण अनोळखी होता असं नाही. आल्फ्रेड चँडलर यांचं कंपन्यांच्या व्यूहरचनेवरचं इतिहासाचं पुस्तक १९६२ चं. व्लादिवोस्तोकला जन्मलेले, अमेरिकेत गणितात डॉक्टरेट केलेले आणि लॉकहीड या विमान कंपनीत काम केलेले इगॉर अ‍ॅन्सॉफ यांनी तर १९५७ सालीच वस्तू आणि बाजारपेठ यांची चार घरांची जोडणी मांडली होती. त्यांचं जाडजूड पुस्तक १९६५ मध्ये आलं. पण अ‍ॅन्सॉफ यांच्या मांडणीत निर्णयाच्या पायऱ्यांमागून पायऱ्या होत्या आणि समोरचा प्रतिस्पर्धी कुठेतरी कडेला उभा होता. हेंडरसन यांनी प्रतिस्पर्ध्याला मधोमध आणून बसवलं. त्यांचं मोठं काम मी हेच मानतो.

बायबल विकणाऱ्या माणसाला दारात उभं राहून थोडक्यात बोलावं लागतं. १९६४ पासून हेंडरसन यांनी खिशात मावतील अशा लहान पुस्तिका छापून कंपन्यांच्या वरिष्ठांना टपालाने पाठवायला सुरुवात केली. एका पुस्तिकेत एकच विचार, तोही दोन-चार पानांत आणि ठाम भाषेत. आकड्यांचं जंजाळ नाही, तळटीपा नाहीत. वाचणारा चिडला तरी चालेल, त्याने फोन उचलला पाहिजे, हा हिशेब. अशा लिखाणाला धोकाही असतोच. ठाम वाक्य लोकांच्या तोंडी बसतं आणि त्याची अट मागे गळून पडते.

आता ती रेघ.

विमान बनवणाऱ्या कर्टिस-राइट कंपनीतल्या टी. पी. राइट या इंजिनिअरने १९३६ साली एक निबंध प्रसिद्ध केला होता. एकाच जातीच्या विमानांची एकूण संख्या दुप्पट झाली की दर विमानामागे लागणारी मजुरी ठरावीक प्रमाणात, साधारण वीस टक्क्यांनी, उतरते असं त्यांनी दाखवलं. हात बसतो, हत्यारं सुधारतात, वाया जाणारा माल कमी होतो. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या उत्पादनाचे अंदाज बांधताना या नियमाचा भरपूर वापर झाला. पण तो कारखान्याच्या फरशीवरचा नियम होता, संचालकांच्या टेबलावर कोणी नेला नव्हता.

१९६६ च्या सुमारास बीसीजीच्या मंडळींना सेमीकंडक्टर उद्योगातल्या किमतींचे आकडे पाहताना तोच उतार दिसला. इथे फक्त मजुरी उतरत नव्हती. भांडवल, विक्री, वितरण, व्यवस्थापन असा सगळाच खर्च उतरत होता. एकूण उत्पादन दुप्पट झालं की दर नगामागचा खर्च वीस ते तीस टक्क्यांनी खाली. समजा पहिले दहा लाख नग पूर्ण होताना एका नगाला १०० रुपये पडत होते. वीस लाखांवर तो ८० ला पडेल, चाळीस लाखांवर ६४ ला. दुहेरी लॉग कागदावर, म्हणजे दोन्ही अक्षांवर दर दुपटीला सारखंच अंतर देणाऱ्या कागदावर, हे बिंदू मांडले की सरळ, खाली उतरणारी रेघ मिळते. त्यांनी तिला अनुभवाचा वक्र असं नाव दिलं आणि १९६८ मध्ये या विषयावर पुस्तकच काढलं.

पुढची पायरी हेंडरसन यांची, आणि इथे ते राइट यांच्या पलीकडे गेले. अनुभव एकूण उत्पादनातून येत असेल, तर ज्याचा बाजारातला वाटा सर्वांत मोठा त्याचा अनुभव सर्वांत झपाट्याने वाढणार. म्हणजे त्याचा खर्च सर्वांत कमी राहणार. दोघांनी एकाच भावाला माल विकला तरी पहिल्याला नफा आणि दुसऱ्याला तोटा. शिवाय हे आधीच माहीत असेल तर सुरुवातीला तोटा सोसून भाव पाडावा, वाटा मिळवावा, खर्च पाठोपाठ खाली येईल. वेस्टिंगहाऊसच्या खरेदी खात्यातल्या प्रश्नाला उत्तर सापडलं होतं.

या रेघेने कंपन्यांच्या विचारात काय बदललं ते आज चटकन लक्षात येत नाही. तोवर कंपनीचं दीर्घकालीन नियोजन म्हणजे गेल्या वर्षीच्या आकड्यांत काही टक्के मिळवून पुढची पाच वर्षं भरून काढणं. त्या तक्त्यात प्रतिस्पर्ध्याला रकानाच नसे. रेघ काढायची तर त्याचं एकूण उत्पादन किती, त्याचा खर्च किती असेल, तो आपल्यापेक्षा किती पुढे आहे, हे शोधावंच लागे. बीसीजीतली विद्यापीठांतून नुकती बाहेर पडलेली मुलं दुसऱ्याच्या कारखान्यातल्या खर्चाचा अंदाज बांधू लागली. अमेरिकन उद्योगात ही सवय लावण्याचं श्रेय फार मोठ्या प्रमाणात हेंडरसन यांच्याकडे जातं.

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीने हा विचार सर्वांत निष्ठेने अमलात आणला. चिपांच्या धंद्यात तिला त्याचा चांगला फायदा झाला. खर्च उतरण्याआधीच भाव उतरवायचे, हे तिचं ठरलेलं. मग तीच रीत तिने घड्याळांना लावली. १९७६ साली वीस डॉलरचं डिजिटल घड्याळ आणून तिने बाजार हादरवला, पुढे भाव दहा डॉलरच्याही खाली गेला. पण मनगटावरचं घड्याळ लोक फक्त स्वस्त आहे म्हणून घेत नाहीत, आणि चिप विकत घेऊन घड्याळ जोडणारे कारखाने पूर्व आशियात झपाट्याने उभे राहिले. १९८१ मध्ये कंपनीने घड्याळं सोडली. घरगुती संगणकाचंही तसंच झालं. सव्वापाचशे डॉलरचा संगणक शंभरच्या आत आणला, मोठा तोटा खाल्ला आणि १९८३ च्या ऑक्टोबरात तो धंदाही बंद केला.

खरं तर ताकीद आधीच मिळाली होती. १९७४ साली विल्यम अ‍ॅबरनॅथी आणि केनेथ वेन यांनी हेन्री फोर्ड यांची मॉडेल टी मोटार तपासून दाखवली. १९०८ मध्ये ८५० डॉलरला निघालेली ती गाडी १९२५ पर्यंत २६० डॉलरवर आली. रेघेवर चालणारं याहून चांगलं उदाहरण सापडायचं नाही. पण खर्च उतरवण्यासाठी फोर्ड यांनी सगळा कारखाना एकाच गाडीला बांधून टाकला. जनरल मोटर्स बंद केबिनच्या आरामशीर गाड्या आणि नवनवी मॉडेलं काढू लागली, तेव्हा १९२७ मध्ये फोर्ड यांना कित्येक महिने उत्पादन थांबवून नवी गाडी आणावी लागली. जितकं रेघेवर खाली उतरावं तितकं वळणं महाग पडतं, हा त्या अभ्यासाचा निष्कर्ष हेंडरसन यांच्या अनुयायांनी हवा तितका मनावर घेतला नाही.

चौकटीकडे येऊ. साठच्या दशकात अमेरिकेत नाना धंदे एका छत्राखाली गोळा करणाऱ्या कंपन्यांची लाट होती. आयटीटी, लिटन, टेक्स्ट्रॉन ही त्यांतली ठळक नावं. मुख्य कचेरीत बसलेल्या अध्यक्षांच्या हाताखाली पन्नास धंदे, आणि त्यांतले चाळीस त्यांनी कधी स्वतः चालवलेले नसत. प्रत्येक धंद्याचा प्रमुख पैसे मागायला येई, प्रत्येकाचा तक्ता आशादायक असे. पैसे कोणाला द्यायचे? मीडसारख्या कागद कंपन्यांसाठी काम करताना अ‍ॅलन झेकन आणि इतर सहकाऱ्यांनी याची निरनिराळी चित्रं काढून पाहिली. त्यांतून चार घरांची चौकट आकाराला आली, आणि १९७० साली हेंडरसन यांनी आपल्या एका छोट्या पुस्तिकेतून ती जगासमोर ठेवली.

उभ्या बाजूला बाजाराच्या वाढीचा वेग, आडव्या बाजूला वाटा. पण हा वाटा कसा मोजायचा, ते नीट बघा. आपल्या विक्रीला सर्वांत मोठ्या प्रतिस्पर्ध्याच्या विक्रीने भागायचं. आपला वाटा वीस टक्के आणि त्याचा दहा, तर आपण २ वर. उलट असेल तर ०.५ वर. अक्ष लॉग प्रमाणात, कारण अनुभवाची रेघही लॉग प्रमाणातच सरळ दिसते. म्हणजे आडवा अक्ष वरवर पाहता वाट्याचा असला तरी तो खर्चातल्या फरकाचा अक्ष आहे. उभा अक्ष रोकड किती लागेल ते सांगतो, आडवा अक्ष रोकड किती येईल ते. वाढ मंद आणि वाटा मोठा असा धंदा लागते त्याहून जास्त रोकड देतो, म्हणून तो दुभती गाय. वाढ वेगाची पण वाटा लहान ते प्रश्नचिन्ह. गायीचं दूध त्याला पाजायचं म्हणजे वाटा वाढून त्याचा तारा होईल. वाढही नाही आणि वाटाही नाही अशा धंद्याला हेंडरसन यांच्या मूळ पुस्तिकेत पाळीव प्राणी म्हटलं होतं, कुत्रा हे नाव नंतर रुळलं. बऱ्याच कंपन्यांची बहुतेक उत्पादनं रोकड गिळणारे सापळेच असतात, असं त्यांनी दोन वर्षांनी आणखी एका पुस्तिकेत लिहिलं.

काळही अनुकूल आला. १९७३ चा तेलाचा भडका, महागाई, महागलेलं भांडवल. कोणाला द्यायचं यापेक्षा कोणाचं थांबवायचं हा प्रश्न अध्यक्षांना रोज पडू लागला आणि हातात एका कागदाचं उत्तर होतं. जनरल इलेक्ट्रिकने मॅकिन्झीबरोबर स्वतःची नऊ घरांची चौकट केली, इतरांनी आपापल्या आवृत्त्या काढल्या. १९७९ पर्यंत अमेरिकेतल्या पाचशे सर्वांत मोठ्या कंपन्यांपैकी ४५ टक्के कंपन्या कुठल्या ना कुठल्या चौकटीने आपले धंदे मांडत होत्या, असं फिलिप हास्पेस्लाख यांच्या पाहणीत आढळलं.

ज्या धंद्यांच्या कपाळी कुत्रा हे नाव आलं, त्यांचं काय झालं याचा विचार कमी झाला. तिथे नवं यंत्र येत नाही, हुशार इंजिनिअर बदली मागतो, विक्रेत्याला वरचा दौरा मिळत नाही. दोन वर्षांत तो धंदा खरोखरच मरणपंथाला लागतो आणि चौकट बरोबर ठरते. १९८२ साली डोनाल्ड हॅम्ब्रिक, इयन मॅकमिलन आणि डायना डे यांनी शेकडो औद्योगिक धंद्यांचे आकडे तपासले, तर असे कुत्रे सरासरीने रोकड खात नव्हते, देत होते. पुढे स्कॉट आर्मस्ट्राँग आणि रॉडरिक ब्रॉडी यांनी १९९४ मध्ये आणखी बोचरा प्रयोग प्रसिद्ध केला. दोन गुंतवणुकी समोर ठेवल्या, नफ्या-तोट्याचे आकडे स्पष्ट दिले, एकीत नफा होता तर दुसरीत तोटा. चौकट वापरून निवड करणाऱ्यांपैकी बहुसंख्यांनी तोट्याची निवडली, कारण तिच्यावर ताऱ्याचं नाव बसत होतं.

चौकट पसरत होती त्याच काळात हेंडरसन यांनी स्पर्धेचं तत्त्व स्वतःच्या कंपनीलाही लावलं. बीसीजीतल्या सल्लागारांचे लाल, निळा आणि हिरवा असे तीन गट करून त्यांना एकमेकांशी स्पर्धा करायला लावलं. निळ्या गटाचे प्रमुख बिल बेन. व्हँडरबिल्टसाठी देणग्या गोळा करणारा हा तरुण हेंडरसन यांनीच १९६७ मध्ये हेरून आणला होता. निळा गट जिंकला आणि १९७३ साली बेन यांनी काही सहकारी बरोबर घेऊन स्वतःची कंपनी काढली. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स आणि ब्लॅक अँड डेकर हे मोठे ग्राहकही त्यांच्यामागे गेले. हेंडरसन यांच्या कारकिर्दीतला हा सर्वांत मोठा घाव. त्यानंतर १९७५ मध्ये त्यांनी कर्मचाऱ्यांच्या मालकीची योजना आखली आणि १९७९ पर्यंत बँकेकडचे सगळे शेअर विकत घेऊन बीसीजी कर्मचाऱ्यांच्या मालकीची झाली. आपण उभारलेली संस्था अशा रीतीने हाताखालच्या लोकांना देऊन टाकणारे संस्थापक थोडे असतात.

आता सत्तरच्या दशकातल्या सर्वांत गाजलेल्या कामाकडे वळतो, कारण हेंडरसन यांच्या विचाराची ताकद आणि मर्यादा दोन्ही तिथे एका जागी दिसतात. बीसीजीची दुसरी कचेरी १९६६ सालीच टोकियोत उघडली होती. ती जेम्स अ‍ॅबेग्लन यांनी चालवली. मरीन दलातून जपानविरुद्ध लढलेले आणि नंतर जपानी कारखान्यावर १९५८ मध्ये मौलिक पुस्तक लिहिलेले हे अभ्यासक. त्यामुळे जपानी कंपन्या कमी लाभांश आणि जास्त कर्जाच्या जोरावर कशा झपाट्याने वाढतात, हे बीसीजीने बऱ्याच पाश्चात्त्यांच्या आधी ओळखलं.

ते गाजलेलं काम मोटारसायकलींचं. १९५९ च्या सुमारास अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मोटारसायकलींत ब्रिटिश गाड्यांचा वाटा निम्म्याच्या घरात होता. १९७३ पर्यंत तो दहा टक्क्यांच्याही खाली गेला. बीएसए कंपनी कोसळली, नॉर्टन आणि ट्रायम्फ एकत्र बांधून उभ्या केलेल्या कंपनीला सरकारी पैशांचा आधार लागला, ट्रायम्फच्या मेरिडन इथल्या कारखान्यात कामगारांनी ठिय्या देऊन सहकारी संस्था काढली. हे सगळं वाचवायचं का आणि कसं, हे विचारायला ब्रिटिश सरकारने बीसीजीला बोलावलं. १९७५ च्या जुलैमध्ये अहवाल आला.

अहवालातली मांडणी म्हणजे रेघेचा वस्तुपाठ. होंडा आणि इतर जपानी कंपन्यांनी घरच्या बाजारात छोट्या गाड्या लाखांनी बनवल्या, खर्च तळाला नेला आणि त्या बळावर बाहेर पडल्या. ब्रिटिश कंपन्यांनी छोट्या गाड्यांत नफा नाही म्हणून तो बाजार सोडला. मग अडीचशे सीसी, मग साडेतीनशे. प्रत्येक माघार त्या वेळच्या हिशेबाने शहाणपणाचीच होती. १९६९ मध्ये होंडाची साडेसातशे सीसीची गाडी आली तेव्हा मागे सरकायला जागा उरली नव्हती. सरकारने पुढचे पैसे नाकारले. मेरिडनची सहकारी संस्था १९८३ पर्यंत तग धरून मग बुडाली.

बिझनेस स्कूलांत हा अहवाल व्यूहरचनेचा आदर्श म्हणून शिकवला जाऊ लागला. मग १९८२ साली व्यवस्थापनाचे अभ्यासक रिचर्ड पास्कल टोकियोला गेले आणि अमेरिकेत होंडा नेणाऱ्या सहा अधिकाऱ्यांना एकत्र बसवून त्यांची हकीकत ऐकली. ती १९८४ मध्ये छापून आली. १९५९ मध्ये किहाचिरो कावाशिमा आणि त्यांचे साथीदार लॉस एंजेलिसला उतरले, तेव्हा जपानच्या अर्थखात्याने त्यांना अडीच लाख डॉलरची परवानगी दिली होती, त्यातले रोख फक्त १ लाख १० हजार. महिना ८० डॉलर भाड्याच्या एका घरात सगळे राहत, काही जण जमिनीवर झोपत. गोदामात लाकडी खोकी एकावर एक हातांनी रचायची आणि फरशीही स्वतःच झाडायची. विकायच्या होत्या अडीचशे आणि तीनशे पाच सीसीच्या मोठ्या गाड्या. अमेरिकेच्या लांब-रुंद रस्त्यांवर त्या भरधाव पळवल्यावर तेल गळू लागलं, क्लच जाऊ लागले. तपासणीसाठी गाड्या विमानाने जपानला पाठवाव्या लागल्या, जवळचे तुटपुंजे पैसे त्यातच जाऊ लागले.

हे लोक शहरातल्या कामांसाठी स्वतः मात्र ५० सीसीची छोटी सुपर कब वापरत. ती पाहून लोक चौकशी करू लागले. सीअर्स या दुकानसाखळीच्या खरेदीदाराचा फोन आला. तरी मोठ्या गाड्यांच्या दिमाखाला धक्का बसेल म्हणून छोटी गाडी विकायला मंडळी तयार नव्हती. मोठ्या गाड्या आजारी पडल्या तेव्हा नाइलाजाने तिला पुढे केलं. अमेरिका जिंकली ती तिने.

पास्कल यांच्या लेखानंतर बीसीजीची मांडणी मागाहून रचलेली कथा आहे, असं म्हणायची पद्धत पडली. मला हे मत एकांगी वाटतं. होंडा अमेरिकेत कशी शिरली, ते कावाशिमा यांच्या तोंडूनच कळतं, त्यात योगायोग आणि चिकाटी दोन्ही भरपूर. पण एकदा शिरल्यावर तिला कोणी बाहेर का काढू शकलं नाही, हे समजायला रेघच लागते. सुपर कब त्या भावात विकता आली, कारण जपानात ती आधीच लाखांनी बनत होती. मेरिडनच्या कामगारांची जिद्द कमी नव्हती, त्यांच्या कारखान्यातून निघणारी संख्या कमी होती. ट्रायम्फचं नाव नंतर जॉन ब्लूर यांनी विकत घेतलं, इंग्लंडमध्येच हिंकलीला नवा कारखाना उभारला, आणि २०२३ पासून चारशे सीसीची ट्रायम्फ बजाज ऑटो पुण्याजवळ चाकणला तयार करते. जिथे संख्या आहे तिथे ती आली.

हेंडरसन १९८० मध्ये प्रमुखपदावरून आणि १९८५ मध्ये अध्यक्षपदावरून उतरले. १९८० हे वर्ष त्यांच्या विचारालाही वळणाचं ठरलं. मायकल पोर्टर यांचं स्पर्धेवरचं पुस्तक त्याच वर्षी आलं. वाटा हा नफ्याचा एकच रस्ता नाही, वेगळेपणा किंवा एखादा कोपरा धरूनही कमावता येतं, हे त्यांनी दाखवलं. त्याच वर्षी रॉबर्ट हेज आणि विल्यम अ‍ॅबरनॅथी यांनी लिहिलं की अमेरिकन व्यवस्थापक धंद्यांकडे शेअरांसारखं दुरून पाहू लागले आहेत आणि कारखाना समजून घेण्याची सवयच मोडली आहे. हा आरोप चौकटीवर येऊन थांबतो. पण ज्यांनी चौकट केली त्यांची सुरुवात कारखान्यातल्या खर्चापासूनच झाली होती, हे टीकाकारांनीही पुरतं लक्षात घेतलं नाही.

उतारवयात हेंडरसन नॅशव्हिलला परतले, आपल्याच विद्यापीठात शिकवू लागले आणि जीवशास्त्राकडे वळले. १९८९ मधल्या त्यांच्या लेखात मॉस्को विद्यापीठातले गाउझे हे शास्त्रज्ञ भेटतात. गाउझे यांनी १९३४ साली काचेच्या बाटल्यांत सूक्ष्म जीव वाढवून दाखवलं होतं की एकाच रीतीने जगणारे दोन जीव एका बाटलीत कायम एकत्र राहू शकत नाहीत. हेंडरसन यांनी त्यावरून मांडलं की स्पर्धक टिकतात ते आपापल्या वेगळेपणामुळे, आणि निसर्गात बदलाचा वेग मंद असतो तर माणूस विचार करून तो वाढवू शकतो. वाट्याच्या मागे लागा म्हणणारा माणूस अखेरीस वेगळेपणापाशी आला होता. त्यांच्या लिखाणातलं हे पान मला सर्वांत प्रामाणिक वाटतं, आणि सर्वांत कमी वाचलं जातं तेही हेच. २० जुलै १९९२ रोजी नॅशव्हिल इथे त्यांचं निधन झालं.

आपल्याकडच्या व्यवस्थापनाच्या वर्गांत आजही चौकट पहिल्या सत्रात येते आणि रेघ आली तर तोंडी लावण्यापुरती. शिकवणाऱ्यांना विनंती एवढीच की क्रम उलटा करावा. आधी विद्यार्थ्यांना एखाद्या जवळच्या कारखान्यात न्यावं, एकाच सुट्या भागाचे दहा वर्षांतले दर गोळा करायला सांगावं, ते लॉग कागदावर मांडायला लावावेत. रेघ उतरते का, किती उतरते, हे त्यांनी स्वतः पाहावं. ती उतरत नसेल तर त्या धंद्यापुरती चौकट फळ्यावर काढूच नये.